आतल्या गाठीचा केक

काही माणसं आतल्या गाठीची असतात. केकमध्येही ही जमात आहे. साधा स्पंज केक मनाने मोकळा. झाला की स्वतःच सांगतो. वरून बदामी होतो, कडा भांड्यापासून सोडवून घेतो, बोटाने हलकेच दाबलं तर पुन्हा वर येतो आणि टूथपिक खुपसली तर ती कोरडी ठणठणीत बाहेर. पोटात क्रीम चीजचं सारण दडवलेला गडद चॉकलेट केक यातलं काही म्हणजे काही करत नाही. बदामी व्हायचा प्रश्नच नाही, कारण तो ओव्हनमध्ये शिरतानाच काळा असतो. दाबून बघावं तर आतलं सारण मऊच. टूथपिकचं तर विचारूच नका. आणि आमच्या घरात कुणाचाही वाढदिवस असो, फर्माईश होते ती याच केकची.

त्रास सुरू होतो 'एक कप'पासून. अमेरिकन कप साधारण २४० मिलिलिटरचा, मेट्रिक कप २५०चा, आणि आमच्या घरातल्या मापाच्या कपाचा कान तुटलाय म्हणून त्याला मापाचा कप म्हणतात. चमच्यांतही एकमत नाही. ऑस्ट्रेलियातला मोठा चमचा २० मिलिलिटरचा, इतर बहुतेक ठिकाणी १५चा. त्यात मैदा हा अत्यंत लवचिक पदार्थ. हलक्या हाताने कपात भरला तर १२० ग्रॅमच्या आसपास बसतो, कप पिशवीत खुपसून दाबून काढला तर दीडशेपर्यंत जातो. तेवढ्या फरकाने केक विटेच्या घराण्यात जातो. म्हणून मी वजनकाटा आणला. "एका केकसाठी काटा?" असं म्हणून घरातल्या सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. आता त्याच काट्यावर नवरा कुरिअरची पाकिटं मोजतो आणि लेक मांजराचं पिल्लू. मला मैदा मोजायचा असला की नंबर लावावा लागतो.

मग कोको. कोको पावडर दोन पंथांची असते. एक साधी, आंबटसर वळणाची. दुसरी अल्कली लावून आंबटपणा मारलेली, जिला डच म्हणतात. हा उद्योग व्हान हाउटेन नावाच्या डच घराण्याचा. कोकोतली चरबी दाबून काढायच्या यंत्राचं पेटंट त्यांनी १८२८ साली घेतलं आणि मागे उरलेल्या भुकटीवर अल्कलीचा प्रयोग केला. रंग गडद झाला, चव सौम्य झाली, भुकटी पाण्यात नीट मिसळू लागली. सगळ्यांचं भलं झालं, फक्त माझ्या खायच्या सोड्याचं सोडून. सोड्याला भांडायला आम्ल लागतं. साध्या कोकोत ते असतं. डच कोकोसमोर सोडा बिचारा एकटाच दंड थोपटत उभा राहतो. केक फुगत नाही तो नाहीच, वर साबण खाल्ल्यासारखं वाटतं. अशा वेळी मिश्रणात ताक-दह्यासारखं काही आंबट घालावं, नाहीतर आपलं आम्ल घरून घेऊन येणारी बेकिंग पावडर वापरावी. पण त्यासाठी आपल्या हातातला डबा कोणत्या पंथाचा हे कळायला हवं ना! डब्यावर पुढच्या बाजूला चॉकलेटचा धबधबा छापलेला असतो आणि पंथ मागच्या बाजूला, मुंगीच्या अक्षरांत. मी चष्मा लावते, वर भिंग धरते, आणि सासूबाई विचारतात, "दागिने बघतेस का गं?"

सारणाची कृती एका ओळीची आहे. क्रीम चीज खोलीच्या तापमानाला आणा, साखर आणि अंडं घालून फेटा. ही एक ओळ पार पडायला अख्खी दुपार जाते. थंडगार क्रीम चीज कितीही फेटलं तरी गुठळ्या राहतात, म्हणून ते आधी बाहेर काढून ठेवायचं असतं. आणि ते ओट्यावर दिसलं की एरवी स्वतःची बशीही न उचलणाऱ्या माणसांना टापटिपीचा झटका येतो. "अगं, हे बाहेरच राहिलं होतं," असं अभिमानाने सांगत कुणीतरी ते परत फ्रिजमध्ये ठेवतं. मी चिठ्ठी लावून पाहिली, 'हे मुद्दाम बाहेर ठेवलंय'. नवऱ्याने चिठ्ठीसकट आत ठेवलं. चष्मा नव्हता म्हणे.

हे सगळं जमलं की खरी कसरत. मी हा केक मधे नळी असलेल्या, नक्षीदार बंट टिनमध्ये करते. आधी थोडं चॉकलेटचं मिश्रण ओतायचं, त्यावर सारणाचं कडं काढायचं, वरून उरलेलं मिश्रण घालून ते गाडून टाकायचं. कडं टिनच्या भिंतीला लागता कामा नये, मधल्या नळीलाही लागता कामा नये. मिश्रण पातळ असलं तर सारण जड होऊन तळाशी जातं, आणि टिन उलटा केला की आपलं गुपित केकच्या डोक्यावर टोपी घालून बसलेलं दिसतं. मिश्रण घट्ट हवं, पण घट्ट करायच्या नादात फार ढवळलं तर मैद्याला चिवटपणा येतो.

आणि मग ओव्हनचं दार बंद होतं.

ओव्हनच्या बटणावरचे १८० अंश हे ओव्हनचं वैयक्तिक मत असतं. आतली कॉइल तापते, बंद होते, पुन्हा तापते. पारा सारखा वर-खाली करत असतो आणि घरगुती ओव्हनमध्ये खरं तापमान वीसेक अंशांनी इकडेतिकडे असणं अजिबात नवलाचं नाही. म्हणून मी आत एक वेगळा थर्मामीटर टांगलाय. दोघांचं कधी पटत नाही. मी थर्मामीटरच्या बाजूची आहे, कारण ओव्हनला स्वतःबद्दल चांगलं बोलायची सवय आहे.

पण मुख्य प्रश्न पुढेच आहे. केक झाला हे ओळखायचं कसं? टूथपिक सारणात शिरली तर ओलीच येणार, केक कच्चा असो की करपलेला. हे मी घरात समजावून सांगितलंय. आकृती काढून सांगितलंय. तरीही मी फोन घ्यायला वळले की सासूबाई येतात, सुरीचं टोक खुपसून बघतात आणि "अजून वेळ आहे" असं सांगून जातात. मग नवरा, त्याची टूथपिक. मग लेक, तिची विणकामाची सुई. प्रत्येकाला वाटतं, आपण पाडलेलं भोक तेवढं शास्त्रीय. केकची चाळण होते आणि निकाल एकमताने: ओला. मला विचाराल तर प्रोब थर्मामीटर, म्हणजे सुईचा थर्मामीटर, नुसत्या केकच्या भागात खुपसावा. ९६ ते ९८ अंश दिसले की केक झाला. पण सारण नेमकं कुठून कुठे गेलंय हे वरून दिसत नसल्यामुळे 'नुसता केकचा भाग' कुठला, हाही अंदाजच.

या छळाला इतिहास आहे. १९६६ साली अमेरिकेतल्या पिल्सबरी या पिठाच्या कंपनीच्या 'बेक-ऑफ' नावाच्या बेकिंग स्पर्धेत टेक्सासच्या एला हेल्फ्रिच या बाईंनी 'टनेल ऑफ फज' नावाचा केक सादर केला. नावाप्रमाणेच पोटात ओल्या चॉकलेटचा बोगदा. त्याला दुसरं बक्षीस मिळालं, पाच हजार डॉलर, आणि पहिल्या बक्षिसाला आज कुणी विचारत नाही. तो केक बंट टिनमध्ये केला होता. हा टिन मिनेसोटात नॉर्डिक वेअर या भांड्यांच्या कंपनीच्या डेव्हिड डाल्क्विस्ट यांनी १९५० साली काढला, पण इतकी वर्षं त्याला फारसं गिऱ्हाईक नव्हतं. या केकनंतर त्यावर उड्या पडल्या. त्या प्रसिद्ध कृतीत स्पष्ट बजावलंय की आत ओला बोगदा असल्यामुळे नेहमीची परीक्षा इथे चालणार नाही. तापमान आणि वेळ अचूक पाळा. म्हणजे घड्याळाकडे बघा आणि गप्प बसा. आमच्या घरात घड्याळाकडे बघणारे खूप आहेत.

टिनमधून काढण्याबद्दल एवढंच सांगते की टिनला लावलेल्या लोण्यावर मैदा भुरभुरू नका, काळ्या केकवर कोड फुटल्यासारखे पांढरे डाग पडतात, कोकोच भुरभुरा. टिन ओव्हनबाहेर आल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा. आधी उलटवलात तर केक मोडतो, फार उशीर केलात तर कडेची साखर थिजून टिनला चिकटते. त्या दहा-पंधरा मिनिटांत कुणाशीही बोलू नये, विशेषतः सासरच्या माणसांशी.

हे झाल्यावर उरतो एक नैतिक पेच. पाहुण्यांना आतल्या सारणाबद्दल आधी सांगायचं की नाही? सांगितलं तर गंमत गेली. नाही सांगितलं तर काय होतं, ते लेकीच्या वाढदिवसाला कळलं. आत्याबाईंनी तुकडा चवीने खाल्ला, सारणाचा पांढराशुभ्र गोळा बशीच्या कडेला अलगद काढून ठेवला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "छान झालाय हो. फक्त मधे जरा कच्चा राहिला. होतं असं."

म्हणून पुढच्या वेळी मी कापायच्या आधीच जाहीर केलं. "आत सारण आहे. मुद्दाम घातलंय. ते तसंच असतं." धाकटे दीर सरसावून बसले. पहिला तुकडा त्यांना. कापला, तर आत सगळीकडे काळाभोर केक आणि एका कोपऱ्यात सारणाची पुसटशी रेघ.

"वहिनी, कुठंय?"

"भावजी, ते कडं आहे, थोडं सरकतं. पुढच्या तुकड्यात असेल."

पुढच्यातही नव्हतं. नवरा म्हणाला, डावीकडून काप. सासूबाई म्हणाल्या, मी तेव्हाच म्हटलं होतं, सुरी घालून बघ. लेकीने मोबाइलचा टॉर्च लावला. भावजी मन लावून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने खात सुटले होते. तेवढ्यात पलीकडच्या बाजूचा तुकडा आत्याबाईंच्या बशीत पडला, आणि सगळं सारण तिथेच गोळा होऊन बसलं होतं, चांगलं लिंबाएवढं. आत्याबाईंनी माझ्याकडे एक प्रेमळ कटाक्ष टाकला, चमच्याने तो गोळा हलकेच सोडवला आणि कुणाला दिसणार नाही अशा बेताने भावजींच्या बशीत सरकवला.

"तू खा रे बाबा," त्या कुजबुजल्या. "तुझं वय आहे. मला कच्चं पचत नाही."