कुंतीचं बी फ्रीजमध्ये ठेवू नका

दर पावसाळ्यात व्हॉट्सॲपवर एक निरोप फिरतो: ‘लाल फळांचं शोभेचं झुडूप घरीच करा. बी वाळवा, तीन महिने फ्रीजमध्ये ठेवा, नर-मादी अशी दोन रोपं लावा, वर्षभरात झाड फळांनी लगडेल. पक्षी खातात, म्हणजे आपल्यालाही चालतात.’ खाली फोटो कुंतीचा, म्हणजे कामिनीचा. मजकूर मात्र उघडच युरोपातल्या हॉली या लाल फळांच्या झुडपाचा!

आधी फ्रीज. हॉलीचं फळ पिकलं तरी बीतला अंकुर कच्चाच असतो. ऊब आणि थंडी सोसून तो वर यायला दीड-दोन वर्षंही लागतात. म्हणून तिकडे बियांना गारवा देतात. कुंती पडली उष्ण प्रदेशातली, लिंबू-संत्र्याच्या कुळातली. तिचं बी वाळवून ठेवण्यापेक्षा ताजंच लावलेलं बरं. पूर्ण लाल झालेलं फळ तोडून चिमटीत दाबा. आतून एक किंवा दोन बिया निघतात, त्यांवर बारीक लव असते आणि गरासकट त्या अंगठ्याला चिकटून बसतात. वाळूत चोळून गर काढायचा, धुवायचं आणि शक्यतो त्याच दिवशी अर्धा इंच खोल टोकायचं. माती ओलसर राहू द्या, चिखल नको. मीही एकदा वीस बिया कागदावर वाळवून डबीत भरल्या होत्या. दोन महिन्यांनी टोकल्या, एकही रुजली नाही. पुढच्या खेपेला ताज्या टोकल्या, चौथ्या आठवड्यात कोंब दिसले.

नर-मादीचं म्हणाल तर हॉलीत ते खरंच आहे. मादी झाडालाच फळं धरतात. कुंतीच्या फुलात मात्र पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. जोडी जमवत बसू नका.

‘वर्षभरात’ ही निव्वळ थाप. माझ्या रोपाला पहिली फुलं चौथ्या पावसाळ्यात आली.

पक्ष्यांचा दाखला तर धोक्याचा आहे. कुंपणाला लावतात त्या ड्युरांटा झुडपाचे पिवळे घोस पक्षी आवडीनं खातात, पण तीच फळं मुलांना विषारी ठरतात. कुंतीचीही मी कुणाला चाखायला देत नाही.

फळ न येण्याचं सगळ्यात मोठं कारण तर त्या निरोपात नाहीच: कात्री. कुंतीचे बरेचसे तुरे फांदीच्या शेंड्याला येतात आणि कुंपण चौकोनी दिसावं म्हणून आपण नेमके शेंडेच उडवतो. वर्षानुवर्षं हिरवीगार असलेली, पण एकही फळ न धरलेली कुंपणं त्यामुळेच दिसतात. आमच्या माळीमामांना मी भिंतीकडच्या दोन फांद्या सोडायला सांगितल्या. ‘वेडंवाकडं दिसेल हां,’ म्हणाले, पण सोडल्या. यंदा त्या दोनच फांद्यांना अकरा फळं लागली. सात बुलबुलांनी नेली, चार माझ्या हाती आली.