वजन जास्त म्हणून पाय काढायलाच हवा असं नाही

लठ्ठ माणसाच्या पायावर फ्लॅप (जखम झाकायला रक्तवाहिनीसकट फिरवून आणलेला कातडीचा किंवा स्नायूचा तुकडा) टिकत नाही, असं एका लेखात सरसकट म्हटलंय. ते पटलं नाही. आमच्या दादाचं वजन 112 किलो, वर शुगर. तासगाव रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीखाली पाय सापडला, गुडघ्याखाली नडगीचं हाड उघडं पडलं. पहिल्या दवाखान्यात "एवढ्या चरबीत काही धरणार नाही" म्हणून पाय काढायलाच सांगितलं. मिरजेच्या प्लास्टिक सर्जननी मात्र तासभर बसवून समजावलं. उघड्या हाडावर नुसती कातडी लावली तर तिला खालून रक्त मिळत नाही, ती मरते. फ्लॅप स्वतःची रक्तवाहिनी घेऊन येतो. जाड माणसात चरबीच्या थरातून बारीक रक्तवाहिन्या शोधणं कठीण, आणि कातडीचा फ्लॅप उशीसारखा फुगतो. म्हणून त्यांनी पोटरीचा स्नायू फिरवून हाड झाकलं, वर मांडीची पातळ कातडी लावली. धोका जास्त होता हे खरं, जखम चिघळण्याचा तर फारच. तेही त्यांनी लपवलं नाही. शुगर आटोक्यात आणली, तंबाखू त्याच दिवशी बंद करायला लावली, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात. पहिली रात्र फ्लॅपला रक्त पोचतंय ना म्हणून सिस्टर तासातासाला त्याचा रंग बघत होत्या, वहिनी उशाशी जागी. दादा आता काठीशिवाय द्राक्षबागेत जातो.