कोल्हापुरीचा राग आणि इस्सेई मियाके

जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, आणि इथे टोकियोत माझ्या फोनवर गावाकडच्या ग्रुपचा संताप धडकत राहिला. महाराष्ट्र चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेने पत्र लिहिलं, प्राडाने मूळ मान्य केलं. झालं ते योग्यच झालं. २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन मिळालेल्या वस्तूचं श्रेय ठणकावूनच मागायला हवं. पण त्या गदारोळात चप्पल करणाऱ्याला पुढे नवं काय करता येईल, हे फारसं कुणी विचारलं नाही. मला ते फार लागलं.

कारण इथे जपानी फॅशन डिझायनर इस्सेई मियाकेचं काम रोज दिसतं. जन्म १९३८, हिरोशिमा. सातव्या वर्षी अणुबॉम्बमधून वाचलेला. पॅरिस आणि न्यूयॉर्कमध्ये उमेदवारी करून १९७० मध्ये त्याने टोकियोत स्टुडिओ काढला. सुरुवातीच्या काळातच त्याने साशिको हाती घेतलं. शेतकऱ्यांच्या जाड सुती कपड्यांवरचं हे धावदोऱ्याचं काम, आपल्या गोधडीच्या अगदी जवळचं. त्याचे त्याने कोट केले. पण तिथेच तो थांबला नाही. १९९३ च्या ‘प्लीट्स प्लीज’ या चुण्यांच्या कपड्यांच्या मालिकेसाठी चक्क पॉलिएस्टर घेतलं: कपडा आधी अडीच-तीन पट मोठा शिवायचा, मग कागदांमध्ये घालून तापत्या दाबयंत्रातून काढायचा. चुण्या कायमच्या बसतात. लोकलमध्ये सत्तरीच्या बायका ते कपडे घालून सहज वावरताना दिसतात. घरी धुवा, झटकन वाळतात, इस्त्री नको, गुंडाळून पिशवीत टाका. किंमत सगळ्यांना झेपणारी नाही, हे खरं. पण विचार मात्र अंगावर घालणाऱ्याचाच.

हे त्याने एकट्याने केलं नाही. माकिको मिनागावा वर्षानुवर्षं त्याच्यासाठी कापड घडवत होती. अहमदाबादच्या आशा साराभाईंच्या कार्यशाळेशीही त्याचं दीर्घकाळ काम चाललं. म्हणजे भारतातले हात या गोष्टीत होतेच!

आपण मात्र कोल्हापुरीचा अभिमान बाळगतो आणि मृग लागला की ती माळ्यावर टाकतो, कारण ते कातडं पाण्यात टिकत नाही. पावसात चालेल असा तळ कोल्हापूरच्या कारागिराला सोबत बसवून कोण शोधतंय? त्या प्रयोगाचे पैसे कोण देणार, आणि फसलेल्या शंभर जोडांची मजुरी त्याला कोण देणार? प्राडाला जाब विचारला तसा हाही विचारायला हवा, मुंबईतल्या मंत्रालयात आणि आपल्याच डिझायनरांना.