बकेट सीटच्या कामाबद्दलच्या तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार.

तुमचा अभिप्राय वाचला. दोन तारे दिलेत आणि कारणंही सविस्तर लिहिलीत, ती अशी. तुम्ही आणलेली वापरलेली बकेट सीट (शर्यतीच्या गाडीत असते तशी, अंग घट्ट धरणारी सीट) आम्ही नाकारली आणि नवी घ्यायला लावली. चार पट्ट्यांचा हार्नेस (दोन्ही खांद्यांवरून आणि कमरेवरून येणारा शर्यतीचा बेल्ट) बसवून दिला नाही. सीट गाडीच्या तळाला जोडणाऱ्या ज्या ब्रॅकेटा वेल्डर दोन दिवसांत करून देतो, त्यांना आठवडा लावला, वर पैसेही जास्त घेतले. एअरबॅगचा दिवा पेटलेला असतानाच गाडी हातात दिली. आणि चोर्ला घाट चढून बेळगावला पोचेपर्यंत तुमची कंबर धरली. म्हापशाच्या आसपास हे काम करणारी गॅरेजं फार नाहीत, त्यामुळे तुमचं लिहिणं बरेच जण वाचतील. म्हणून उत्तरही सगळ्यांसमोरच देतो.

हार्नेस आधी घेतो. त्या दिवशी तुम्ही रागावून निघालात ते त्यावरूनच, आणि उद्या पुन्हा आलात तरी आहे त्या गाडीत मी तो बसवणार नाही.

तुमची कूपे दोन सीटची आहे. सीटच्या मागे आडवा बार नाही, रोल केज (गाडी उलटली तर छत पेलणारा लोखंडी नळ्यांचा सांगाडा) नाही. खांद्याचे पट्टे मागे डिकीतल्या सामान बांधायच्या कड्यांना अडकवा, असं तुमचं म्हणणं होतं. ती कडी बॅग घसरू नये म्हणून दिलेली असतात. धडकेत माणसाच्या अंगाचा जो ओढा येतो तो त्यांच्या आवाक्यातला नाही. समजा मी खाली तळाला भोक पाडून, मागून जाड प्लेट देऊन पक्का बोल्ट बसवला, तरी पट्ट्याचा कोन चुकतोच. खांद्यावरून निघालेला पट्टा जवळपास आडवा मागे जायला हवा. एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमावलीत, परिशिष्ट ‘जे’च्या कलम २५३ मध्ये, हे स्पष्ट दिलेलं आहे: सीटच्या पाठीच्या वरच्या कडेपासून पट्टा आडव्या रेषेच्या खाली ४५ अंशांपेक्षा जास्त झुकता कामा नये, आणि शक्यतो १० अंशांच्या आत असावा. तुमच्या गाडीत सीटच्या मागे जागाच एवढी कमी आहे की तळाला बांधलेला पट्टा जवळजवळ सरळ खाली उतरला असता. समोरून धडक बसली की अंग पुढे झेपावतं, पट्टा ताणला जातो आणि तो सगळा ताण खांद्यांवरून खाली मणक्यावर उतरतो. माणसाला मागे धरून ठेवायचा पट्टा त्याला वरून दाबू लागतो.

पट्टे चारच असणं हाही प्रश्न आहे. मांड्यांमधून येणारा पट्टा त्यात नसतो. खांद्याचे पट्टे आवळले की मधलं बकल वर ओढलं जातं आणि कमरेचा पट्टा कटीच्या हाडावरून निसटून पोटावर चढतो. मग धडकेत माणूस त्याच्याखालून पुढे सरकतो आणि मार पोटातल्या अवयवांना बसतो. शर्यतीतले हार्नेस सहा पट्ट्यांचे असतात ते यासाठी.

गाडी उलटली तर काय, याचाही विचार करा. छत दबू लागलं तर मूळ बेल्टमध्ये माणसाला बाजूला कलंडायला थोडी तरी जागा मिळते. हार्नेस त्याला ताठ बसवून ठेवतो आणि छत डोक्यावर येतं. शर्यतीच्या गाडीत हे चालतं, कारण वर केज असतो, डोक्याला हेल्मेट असतं आणि मान धरून ठेवणारं साधन खांद्यावर असतं. यातलं एकच काढून रस्त्यावरच्या गाडीत आणलं, तर आहे ती सुरक्षितताही कमी होते. तुमच्या मॉडेलसाठी मूळ बोल्टांवर बसणारा रोल बार, म्हणजे सीटच्या मागचा मजबूत नळीचा आधार, मिळतो, तो आधी घ्या, असं मी सुचवलं होतं. तुम्हाला तो महाग वाटला. तो घेतलात, तर सहा पट्ट्यांचा हार्नेस मी स्वतः उभा राहून बसवून देईन.

आज तुमच्या गाडीत मूळ तीन टोकांचा बेल्टच आहे, आणि तो मुद्दाम नीट बसवलेला आहे. अनेक ठिकाणी बकेट सीट बसवली की बेल्ट सीटच्या उंच कडेवरून जातो, कमरेला टेकतच नाही, मधे हात जाईल एवढी फट राहते. दिसायला बेल्ट लावलेला असतो, पण तो धरत काहीच नाही. तुमचं बकल आम्ही सीटच्या बाजूच्या भोकातून आत घेतलं आहे आणि बेल्टसाठी असतो त्याच सात सोळांश इंची बोल्टाने पायाला पक्कं केलं आहे. बसून पाहा, कमरेचा पट्टा थेट हाडावर येतो.

आता नाकारलेल्या सीटबद्दल. ऑनलाइन घेतलेल्या त्या सीटवर एफआयएचं ८८५५-१९९९ मानकाचं लेबल होतं. या मानकाच्या सीटची मुदत उत्पादनापासून ५ वर्षं असते आणि तुमच्या सीटची ती केव्हाच संपली होती. ८८६२-२००९ मानकाच्या सीटला १० वर्षं मिळतात, पण ती सीट वेगळी आणि तिची किंमतही वेगळी. नुसत्या मुदतीवरून मी ती परत दिली नसती. ती अट स्पर्धेत उतरणाऱ्यांना आहे, हौसेने ट्रॅकवर जाणाऱ्याला नाही. पण कापड सोडवून पाहिलं तर बाजूच्या बोल्टांभोवती फायबरमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पसरलेल्या होत्या. नाण्याने टकटक करून तुम्हालाही ऐकवलं: चांगल्या ठिकाणी आवाज खणखणीत, भेगांपाशी बद्द. म्हणजे आतले थर सुटलेले. वरून रेझिन लावून भेग झाकता येते, ताकद परत येत नाही. त्या सीटला आधी एखादा मोठा दणका बसलेला असणार, आणि पुढच्या दणक्याला तुम्ही तिच्यात बसलेले असता. नवी सीट तुम्ही स्वतः मागवलीत. आम्ही सीटा विकत नाही आणि त्या खरेदीत आमचा एक रुपयाही नाही.

ब्रॅकेटांचं सांगतो. तुमच्या गाडीच्या तळाला सीटचे चार बोल्ट आहेत आणि चारही वेगळ्या उंचीवर आहेत. आतले गिअरबॉक्सच्या बोगद्यालगत, बाहेरचे दाराच्या उंबऱ्यापाशी. मूळ सीटच्या रेलमध्ये कंपनीने हा फरक भरून काढलेला असतो. बकेट सीटला मात्र सपाट, सरळ पाया लागतो, आणि सीटचा मध्य स्टिअरिंगच्या मध्याशी जुळावा लागतो, नाहीतर तासभर तिरकं बसून पाठ आखडते. म्हणून आधी लाकडी ठोकळ्यांवर सीट ठेवून, तुम्हाला हेल्मेटसह बसवून, छतापर्यंतचं अंतर, पेडल आणि गिअरची पोच मोजली. त्यानंतर प्लेटा कापल्या. एफआयएच्या त्याच कलमात सीटच्या आधारासाठी लोखंडी पत्रा किमान ३ मिलिमीटर, अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर ५ मिलिमीटर, बोल्ट किमान ८ मिलिमीटरचे आणि जोड किमान चार, असं सांगितलेलं आहे. आम्ही त्याच्या खाली जात नाही. मूळ भोकांशिवाय तुमच्या गाडीत एकही नवं भोक पाडलेलं नाही, त्यामुळे मूळ सीट केव्हाही परत बसते.

वेल्डरकडे हे स्वस्तात होतं, हे खरं. अलाइनमेंटला आलेल्या एका गाडीत मी असं काम पाहिलं आहे. गेटाला वापरतात तो अँगल कापून टाके मारलेले, वर काळा रंग. ब्रेक मारला की सीट पुढे डुलायची. गाडीला अपघात झालेला नव्हता, रोजच्या ब्रेकांनीच टाक्याला चीर गेली होती. त्या गाडीच्या मालकाला मी ती चीर दाखवली तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. त्याची मुलगी त्याच सीटवर बसून गाडी चालवायला शिकत होती.

बोल्टांवरूनही तुम्ही नाराज होतात. आपल्याकडे खारी हवा, पावसाळ्यात चार महिने ओल, म्हणून स्टेनलेसचेच बोल्ट टाका, असं तुम्ही म्हणालात. गंजाची काळजी बरोबर आहे. पण बाजारात सहज मिळणारा ए२-७० ग्रेडचा स्टेनलेस बोल्ट ७०० मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) ताणाला तुटतो, आणि १०.९ ग्रेडचा बोल्ट १,००० च्या वर जातो. सीट धरणाऱ्या ठिकाणी मला ताकद हवी. म्हणून जस्ताचा थर दिलेले १०.९ चे बोल्ट घातले आणि ब्रॅकेटांना पावडर कोटिंग करून घेतलं. त्या आठवड्यातला बराचसा वेळ कोटिंगला गेला. दर पावसाळ्यानंतर एकदा बोल्ट तपासायला या. गंज दिसला तर बदलू.

एअरबॅगचा दिवा. मूळ सीटच्या कुशीत बाजूची एअरबॅग आहे. सीट काढताना बॅटरी सोडून, थोडा वेळ थांबून, मगच तिचा पिवळा प्लग काढावा लागतो, आणि एअरबॅग नाही हे कळलं की गाडी दिवा लावते. तो दिवा खरं बोलतो आहे. प्लगमध्ये दोन-तीन ओहमचा रेझिस्टर घातला की गाडीच्या कंट्रोल युनिटला एअरबॅग जागेवर आहे असं वाटतं आणि दिवा विझतो. तुम्ही तेच मागितलंत, आणि पुष्कळ ठिकाणी ते करूनही देतात. पण मग तुमच्या घरातलं कोणी गाडी घेऊन बाहेर पडलं, किंवा पुढे तुम्ही ती विकलीत, तर त्या माणसाला कुशीत एअरबॅग नाही हे कळणार कसं? शिवाय असा दोष नोंदलेला असताना अनेक गाड्यांत बाकीच्या एअरबॅगाही भरवशाच्या राहत नाहीत. म्हणूनच ही सीट ट्रॅकपुरती आहे, रस्त्यावर मूळ सीट बसवा, असं बिलावर लिहून तुमची सही घेतली होती. कोइम्बतूरच्या ट्रॅकवर न्यायची म्हणून गाडी आमच्या दारातून फ्लॅटबेड ट्रकवर चढून गेली. मूळ सीट बसवली, प्लग जोडला, स्कॅनरने नोंद पुसली की दिवा विझेल. त्याचे पैसे बिलात आधीच धरलेले आहेत.

कायद्याचंही त्याच वेळी सांगितलं होतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलात मनाप्रमाणे फेरफार करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली अशा प्रत्येक फेरफाराला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनीही हेच विचारेल.

कंबर दुखली याचं मला खरंच वाईट वाटलं. पण अशा सीटची पाठ मागे झुकत नाही, फोम बोटभर असतो, आणि ती वळणावर अंग घट्ट धरण्यासाठी बनवलेली असते. चोर्ल्याच्या खड्ड्यांतून दोन तास बसायला ती नाहीच. मूळ इलेक्ट्रिक सीट पंचवीस किलोच्या आसपास, ही आठ-नऊ किलोची. जे वजन वाचलं त्यात गादी आणि मोटरी दोन्ही गेल्या. मांडीखाली पाय अवघडत असतील, तर मात्र ते सुधारता येतं: साइड माउंटला, म्हणजे सीट दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या पट्ट्यांना, पुढच्या बाजूला वर-खाली तीन भोकं आहेत, सध्या मधलं वापरलं आहे. पुढची बाजू एक भोक वर घेतली तर मांडीला आधार मिळेल आणि कमरेवरचा भार कमी होईल. हेल्मेट सोबत आणा, कारण त्याने छताजवळचं अंतर बदलतं आणि ते पुन्हा मोजावं लागेल. या कामाची मजुरी घेणार नाही.

तुमची मूळ सीट आमच्याकडे वरच्या खोलीत, ओल लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली आहे, प्लगवर पिवळी चिठ्ठी लावली आहे. चवथीला गॅरेज पाच दिवस बंद असतं. त्याआधी कुठल्याही दिवशी सकाळी गाडी आणा, संध्याकाळपर्यंत सीट बदलून, दिवा विझवून देतो.