२५ टक्के सह्या झाल्या की दुकान बंद? नाही ओ ताई!

नाशिकच्या महिला ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय की वॉर्डातल्या २५ टक्के बायांनी सह्या केल्या की दारूचं दुकान लगेच बंद. अर्धवट आहे ते. २००८ च्या सरकारी आदेशानुसार या सह्यांवर फक्त मतदानाची मागणी होते, उत्पादन शुल्कवाले सह्या तपासतात आणि मग गुप्त मतदान, उभी बाटली (दुकान चालू राहू दे) की आडवी बाटली (दुकान बंद करा). आता खरी मेख ऐका, त्या आदेशानुसार आडव्या बाटलीला वॉर्डातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात, नुसत्या आलेल्यांपैकी नाही, म्हणजे घरी बसलेली बाई आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूने गेली म्हणा ना. सह्या गोळा करून निवांत बसलात तर दुकानदार हसेल. आणि हातभट्टीला मतदान वगैरे काही नाही, ती बेकायदाच, सरळ पोलिसांत तक्रार.