वेम्बलीला जायचंय? आधी कपाला नाकं मुरडा

तुमचा फुटबॉल क्लब इंग्लंडच्या लीग वन किंवा लीग टूमध्ये, म्हणजे तिसऱ्या किंवा चौथ्या पायरीवर, खेळतो? मग याच दोन पायऱ्यांवरच्या क्लबांसाठी असलेल्या ईएफएल ट्रॉफीची फायनल हा तुमच्या क्लबला वेम्बली, म्हणजे लंडनचं राष्ट्रीय मैदान, दाखवणारा सगळ्यात जवळचा रस्ता आहे. तिथे पोचायची पहिली अट एकच: फायनलचा मार्च उजाडेपर्यंत ही स्पर्धा किती भिकार आहे ते भेटेल त्याला सांगत सुटायचं.

स्पर्धेचं नाव चुकूनही बरोबर घेऊ नका. 1983-84 मध्ये ती असोसिएट मेंबर्स कप म्हणून सुरू झाली. पुढे प्रायोजकांची नावं लागत गेली: फ्रेट रोव्हर, शेर्पा व्हॅन, लेलँड डॅफ, ऑटोग्लास, ऑटो विंडस्क्रीन्स, एलडीव्ही व्हॅन्स, जॉनस्टोन्स पेंट, पापा जॉन्स. गाडी, गाडीची काच, रंगकाम आणि मग पिझ्झा: एखाद्या गॅरेजवाल्याची दिनचर्याच. त्यातलं दहा वर्षांपूर्वीचं एखादं नाव निवडा आणि तेच वापरत राहा, म्हणजे तुम्ही मुरलेले प्रेक्षक वाटाल. जाता जाता हेही ऐकवा की 1984 ची पहिली फायनल वेम्बलीवर व्हायची होती, पण घोड्यांच्या शोमध्ये तिथली हिरवळ उखडली आणि सामना हल सिटी क्लबच्या बूथफेरी पार्कवर गेला. तिथे बोर्नमथने हल सिटीलाच त्यांच्या घरी 2-1 हरवलं. मानापमानाची परंपरा तेव्हापासूनची आहे.

गटसाखळीचे सामने बहुधा मंगळवारी रात्री असतात. जायचं नाही. 2016-17 पासून 48 क्लबांच्या पंगतीत बड्या क्लबांचे 16 अकादमी संघ (होतकरू पोरांचे) आणून बसवलेत, त्यामुळे न जाण्याला आता तत्त्वाचं अधिष्ठानही मिळालं आहे. कारण विचारलं तर 'बी टीम' एवढे दोन शब्द पुरतात. गुणांची पद्धत मात्र पाठ करून ठेवा, मार्चमध्ये जाणकार दिसायला उपयोगी पडते: 90 मिनिटांत जिंकलात तर 3 गुण, बरोबरी झाली तर थेट पेनल्टी, तिथे जिंकणाऱ्याला 2 आणि हरणाऱ्याला 1. चार संघांच्या गटातून दोन पुढे जातात. थोडक्यात, बाहेर पडायलाही थोडे कष्ट घ्यावे लागतात.

तुम्ही मॅनेजर असाल तर काम नाजूक आहे. कप नको आहे हे प्रेक्षकांना दिसलं पाहिजे, लीगच्या कचेरीला दिसता कामा नये. 2016-17 मध्ये पहिल्या फळीचे पाच खेळाडू सुरुवातीला उतरवायची सक्ती होती. ब्रॅडफर्डने बरी या क्लबाविरुद्ध नेहमीचा गोलकीपर कॉलिन डॉयल उतरवला आणि तिसऱ्या मिनिटाला बाहेर काढला. नियम पाळला गेला, डॉयलला घामही आला नाही. अभ्यासावी अशी ही एकच चाल. ल्यूटनने आडपडदा न ठेवता पोरं खेळवली आणि 15,000 पौंड दंड भरला. वर तीच मोहीम थेट उपांत्य फेरीपर्यंत गेली! नको असलेल्या कपातून बाहेर पडणं वाटतं तितकं सोपं नाही, ते असं.

उपांत्य सामना जिंकल्याची शिट्टी वाजली की मत बदला. लाजू नका, सगळे त्याच क्षणी बदलतात. आता हा 'आमचा कप'. तिकिटं बहुतेक क्लब आधी सीझन तिकीटवाल्यांना देतात, मग सामने पाहिल्याबद्दल मिळणाऱ्या हजेरीच्या गुणांप्रमाणे, मग उरलेल्या गावाला. तुमच्याकडे हजेरीचे गुण शून्य असणार, पण धीर धरा. वेम्बलीत 90,000 खुर्च्या आहेत. लग्नाची बोलणी, हळद, सीमंतपूजन सगळं चुकवून थेट पंगतीला येणाऱ्या पाहुण्यासारखे जा आणि पुढच्या रांगेत बसा. 31 मार्च 2019 ला पोर्ट्समथ आणि सन्डरलँडच्या फायनलला 85,021 माणसं होती. मंगळवारच्या त्या रात्री ही सगळी कुठे होती, असं शेजाऱ्याला विचारू नका. तो तुम्हालाच विचारेल.

मॅनेजरसाठी आता खरा पेच उरतो: प्रत्येक फेरी खेळलेला राखीव गोलकीपर फायनलला ठेवायचा की लीगमधला उतरवायचा? राखीवाला ठेवून हरलात तर तुम्ही भावनाप्रधान, काढून हरलात तर कृतघ्न. जिंकलात तर कुणी विचारणार नाही, म्हणून फार विचार करू नका.

पेनल्टीचा सराव 'त्या दडपणाची नक्कल होत नाही' म्हणून टाळा. हे वाक्य हरल्यावर जसंच्या तसं वापरता येतं. सराव करायचाच हट्ट असेल तर निदान खेळाडूंना मध्यवर्तुळापासून ठिपक्यापर्यंत एकटं चालायला लावू नका, कारण गडबड होते ती नेमकी त्या चालण्यात, 11 मीटरच्या किकमध्ये नंतर. नाणं दोनदा उडतं, एकदा गोलची बाजू ठरवायला आणि एकदा पहिली किक कुणाची ते ठरवायला, हे कर्णधाराला आधी सांगू नका. ऐन वेळी चेहरा पाहण्यासारखा होतो. किक बसेपर्यंत गोलकीपरचा निदान एक पाय रेषेवर किंवा रेषेच्या सरळीत, नाहीतर मागे असावा लागतो. तो आधीच पुढे सरकला आणि चेंडू अडवला, तर किक पुन्हा घेतात. तुमच्या गोलकीपरला हे तेव्हाच कळू द्या.

आणि जादा वेळेत पुढे आहात म्हणून घड्याळाकडे पाहून नाचायला लागा. 2019 मध्ये पोर्ट्समथने 114 व्या मिनिटाला आघाडी घेतली, 119 व्या मिनिटाला सन्डरलँडच्या मॅकगीडीने ती पुसली. शेवटी पोर्ट्समथ पेनल्टीवर 5-4 ने जिंकलं खरं, पण मधली ती पाच मिनिटं कुणाच्या तरी रक्तदाबात अजून असतील.

जिंकल्यावर कप घ्यायला रॉयल बॉक्सपर्यंत 107 पायऱ्या चढायच्या. 120 मिनिटं पळून पोटऱ्यांत गोळे आलेले असताना. बक्षीस म्हणून लीगमध्ये वरचा वर्ग मिळेल अशी आशा बाळगू नका. कॉव्हेन्ट्रीने 2 एप्रिल 2017 ला 74,434 प्रेक्षकांसमोर ऑक्सफर्डला 2-1 हरवून कप उचलला आणि दोन आठवड्यांच्या आत ते लीग टूमध्ये घसरले. पोर्ट्समथ आणि सन्डरलँड 2019 च्या मेमध्ये प्ले-ऑफमध्ये, म्हणजे वरच्या वर्गात जायच्या सामन्यांत, पुन्हा समोरासमोर आले. त्यात सन्डरलँडने पोर्ट्समथला बाहेर काढलं आणि मग वेम्बलीवरच चार्ल्टनशी हरून स्वतःही तिथेच राहिले.

कप किती काळ मिरवायचा याचाही अंदाज आधीच घ्या. महामारीमुळे 2020 ची फायनल लांबली आणि पोर्ट्समथने एकाच विजयावर जवळजवळ दोन वर्षं विजेतेपद उपभोगलं. मग शनिवारी, 13 मार्च 2021 ला, रिकाम्या वेम्बलीत सॅलफर्डने त्यांना पेनल्टीवर हरवलं. रविवारी त्याच मैदानावर 2021 ची फायनल झाली, सन्डरलँडने ट्रॅनमियरला 1-0 ने हरवलं, आणि सॅलफर्ड माजी विजेते झाले. अशा वेळी कपावर नाव कोरणाऱ्या माणसाला शनिवारी रात्री घरी पाठवू नका, तिथेच खाट टाकून द्या.