मी मोजणीवाला नाही

मी मोजणीवाला नाही. हे वाक्य गेल्या रविवारी सोलापुरात बाळी वेशीजवळच्या एका बोळात मी दहा-अकरा वेळा म्हटलं. विश्वास कुणीच ठेवला नाही.

पुण्याहून सुट्टीला आलो होतो. बायको चाटी गल्लीत. चाटी म्हणजे कापडवाला, तेव्हा तिथं शिरलेलं माणूस दोन तास सुटत नाही, हे नावातच आलं. म्हटलं, तेवढ्यात जुनं गाव बघू. मधला मारुती ओलांडून बोळात वळलो, तर एक वाडा. दारावरच्या तुळईच्या टोकाला कोरलेला पोपट. त्याच्या छातीवर विजेचा मीटर ठोकलेला आणि चोचीखालून केबलची वायर ओढलेली. मी फोन काढला.

"फोटो काढलालाव का?"

ओट्यावर एक आजोबा शेंगा फोडत बसले होते. पांढरी टोपी, बनियन, मांडीवर डबा. दाणे डब्यात, टरफलं माझ्या चपलेवर.

"हो. जुनं आहे ना, म्हणून."

"जुनं हाय की. कधी पाडणार?"

"मी कशाला पाडू?"

"पाडायच्या आधी फोटोच काढतेत. मागं एकजण असाच येऊन फोटो काढला, हसला, गेला. मग कोपऱ्यावरचं दुकान गेलं."

"आजोबा, मी इथलाच. शुक्रवार पेठेतला."

"कुणाचे?"

मी आडनाव सांगितलं. आजोबांनी एक शेंग हातातच थांबवली.

"ते घर विकून गेले की."

"तेच आम्ही."

"मग इथले कसे?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. पण असं टरफल टाकता टाकता विचारायचं असतं का?

तेवढ्यात त्यांनी नातवाला हाक मारली, "पळ बे, आत सांग, मोजणीवाला आलाय." पाच मिनिटांत बोळ भरला. एक बाई लाइट बिल घेऊन आल्या. एकाला गटाराचं झाकण दाखवायचं होतं, म्हणजे नसलेलं. तिसऱ्या काकू म्हणाल्या, "साहेब, पाणी पाचव्या दिवशी येतंय, ते बी रात्री दोनला. झोपायचं कधी?" मी म्हटलं, मी मोजणीवाला नाही. त्या म्हणाल्या, "मग पाण्यावालेच हाव की."

आता यात हसण्यासारखं काय आहे, मला कळत नाही. उजनी भरली की आम्ही पुण्यात बसून धरणाचे फोटो एकमेकांना पाठवतो. आणि इथं काकू रात्री दोनला घागर घेऊन उभ्या.

तसा सोलापूरकरांचा सरकारी माणसाशी हिशेब जुना आहे. 1930 च्या मे महिन्यात इंग्रजांनी इथं मार्शल लॉ लावला, तेव्हा गांधी टोपी घालणंही गुन्हा होता. धनशेट्टी, सारडा, शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिलं. त्या शहरातल्या टोपीवाल्या आजोबांनी वहीवाल्या माणसाकडे तिरकं बघावं, हे मी समजू शकतो. फक्त तो माणूस मी नसायला हवा होता.

आणि माझं तरी काय चुकलं? वाडा कुणाचा, केव्हाचा, एक पाटी नाही. पाट्या नाहीत असंही नाही. वाढदिवसाचा फ्लेक्स होता, वेशीएवढा. पुण्यात लोक पैसे भरून रविवारी सकाळी पेठा बघायला जातात, वर गाइड मिळतो. मला फुकटात जबाब द्यावा लागला.

शेवटी आजोबा म्हणाले, "लिवून घ्या की. लिवायला काय जातंय?" काय जाणार होतं? मी वही काढून गटार लिहिलं, पाणी लिहिलं, बिल लिहिलं. "सही करा." सही केली. "तारीख?" तारीखही टाकली. पान फाडून दिलं, ते घडी होऊन डब्यात दाण्यांवर पडलं. निघताना मूठभर शेंगा मिळाल्या. भाजक्या होत्या, चांगल्या होत्या.

बायको दोन चादरी घेऊन उभीच होती. "काय बघितलंस इतका वेळ?" मी फोन पुढे केला. पोपट हललेला आला आहे. मीटरचं रीडिंग तेवढं स्वच्छ वाचता येतं.